फड, थळ आणि पंच : खानदेश-बागलाणातील पाटस्थळ व्यवस्था आणि तिचे नेतृत्व

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासात जमिनीचा विचार जितका झाला तितका पाण्याचा झालेला नाही. ह्याचे कारण उघड आहे. जमिनीच्या मागे सारा होता, साऱ्याच्या मागे दप्तर होते आणि दप्तराच्या मागे राज्यसत्ता होती. पाण्याची वाटणी बहुतांशी वहिवाटीने, म्हणजे तोंडी ठरावांनी व परस्परांच्या स्मरणाने, चालत असे. कुळकर्ण्याच्या वहीत जमीन जिरायत की बागायत, आणि बागायत असल्यास मोटस्थळ की पाटस्थळ, एवढी नोंद होई. पाटाचे पाणी कोणी सोडावे, कोणाच्या शेतात आधी जावे, आणि पाणी अपुरे पडल्यास कोणाचे पीक वाळू द्यावे, हे त्या वहीत सापडत नाही. गावगाड्याच्या दृष्टीने मात्र हेच प्रश्न अधिक जिव्हाळ्याचे होते.

खानदेशातील पांझरा व कान आणि बागलाणातील आरम व मोसम ह्या नद्यांच्या काठी नांदलेली फड पद्धती ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ह्या पद्धतीविषयी जे लेखन झाले आहे त्यात बंधाऱ्यांच्या बांधणीचे कौतुक पुष्कळ आढळते. परंतु बंधारे दख्खनमध्ये अन्यत्रही होते. तेथे ते कालांतराने फुटले, गाळाने भरले आणि विस्मृतीत गेले. पांझरा-मोसमच्या काठचे बंधारे कित्येक पिढ्या कामात राहिले, ह्याचा उलगडा केवळ दगड-चुन्याच्या गुणाने होत नाही. तो त्या पाण्याभोवती उभ्या राहिलेल्या अधिकार-रचनेत शोधावा लागतो. पाण्यावरचा हक्क, पाण्याविषयीचे कर्तव्य आणि वाटपाचा निर्णय ही तीन अंगे एकाच मंडळीच्या हाती असेपर्यंत ही व्यवस्था टिकली. त्यांची फारकत होताच ती खिळखिळी झाली, असे तिच्या इतिहासावरून दिसून येते. ह्या विधानाची छाननी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. भूमी, नद्या आणि बंधारे

पांझरा नदी साक्री तालुक्यात सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावते, कान नदीला पोटात घेते, धुळ्यावरून वाहत जाते आणि पुढे उत्तरेस वळून तापीला मिळते. आरम व मोसम ह्या गिरणेच्या उपनद्या असून गिरणाही तापीचीच उपनदी होय. ह्या सर्व नद्यांची एक समान अवस्था आहे. त्यांचा उगम पावसाच्या प्रदेशात होतो, परंतु वाट मात्र पर्जन्यछायेतून जाते. उगमाकडील डोंगरात मुरलेले पाणी पावसाळा सरल्यावरही महिनोन्‌महिने पात्रात झिरपत राही. उलटपक्षी, काठच्या गावांत पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. नदीत पाणी आहे, शेतात नाही, आणि मध्ये अंतर थोडे आहे, अशा परिस्थितीत बंधारा ही स्वाभाविक युक्ती ठरते.

बंधाऱ्याचे काम पाणी साठविणे हे नव्हते, तर पाण्याची पातळी उचलून ते पाटात वळविणे हे होते. हा भेद महत्त्वाचा आहे. साठा असला म्हणजे तो राखून ठेवता येतो. प्रवाह राखून ठेवता येत नाही. जे पाणी आज पाटात आले नाही ते खालच्या गावाचे झाले. एकाच नदीवर थोड्याथोड्या अंतराने बंधाऱ्यांची माळ असल्यामुळे वरच्या गावाच्या शेतांतून पाझरलेले पाणी पुन्हा नदीत उतरून खालच्या बंधाऱ्याच्या उपयोगी पडे. ह्यामुळे गावागावांत एक प्रकारचे परस्परावलंबन निर्माण झाले. टंचाईच्या दिवसांत वरच्या बंधाऱ्याने काही काळ पाणी खाली सोडावे अशी वहिवाट त्यातूनच उद्भवली.

ह्या बंधाऱ्यांचे कर्तृत्व लोकपरंपरा निरनिराळ्या राजवटींकडे देते. खानदेशावर चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत फारुकी सुलतानांचा अंमल होता. बागलाण १६३८ मध्ये मोगलांकडे जाईपर्यंत बागुल राजांकडे होते. पुढे मराठ्यांचा अंमल आला. फड पद्धतीचे वय सामान्यतः तीन ते चार शतके मानले जाते. ह्याचा अर्थ असा की, इतक्या राजवटी बदलल्या तरी पाट वाहत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र ह्या प्रदेशावर मोठे अरिष्ट कोसळले. १८०२ मधील होळकरांच्या फौजेची लूट, त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आणि नंतरची अराजकता ह्यांत गावेच्या गावे ओस पडली. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला तेव्हा अनेक बंधारे मोडकळीस आलेले होते. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही ह्या प्रदेशातील जुन्या पडक्या बंधाऱ्यांची दखल घेतलेली आहे. गाव उठले की बंधारा पडतो आणि गाव वसले की तो पुन्हा बांधला जातो, हा क्रम लक्षणीय आहे. बंधाऱ्याचे आयुष्य त्याला राखणाऱ्या मंडळीच्या आयुष्याशी बांधलेले होते, हे ह्यावरून स्पष्ट होते.

३. फडाची रचना आणि तिची परिभाषा

बंधाऱ्यापासून निघणारा मुख्य प्रवाह म्हणजे पाट अथवा कालवा. त्याची लांबी दोन ते बारा किलोमीटरपर्यंत आढळते. पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेतोशेतीचे सारंग निघतात, आणि जास्त झालेले पाणी सांडमांतून परत नदीकडे जाते. पाटाखाली भिजणाऱ्या सर्व क्षेत्राला थळ म्हणतात. थळाचे जे मोठे भाग पाडलेले असतात ते फड होत. एका थळात सामान्यतः चार फड असतात. फडाचे क्षेत्र दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत असू शकते.

पद्धतीचे मर्म असे की, एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखी हंगामी पिके, तिसऱ्यात कमी पाण्याचे पीक, आणि चौथा पडीक अथवा पावसावर. पुढील वर्षी ही पाळी फिरावयाची. ह्या फेरपालटाचे लाभ कृषिशास्त्राच्या दृष्टीने सहज समजण्यासारखे आहेत. जमिनीचा कस टिकतो, सतत ओलीमुळे येणारा चोपणपणा टळतो, आणि एका फडातील सर्व पिकाला एकाच वेळी पाणी लागत असल्याने पाट विनाकारण वाहता ठेवावा लागत नाही.

सामाजिक दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असे. आधुनिक शेतीशास्त्र जमिनीच्या तुकड्यांना दोष मानते. येथे मात्र तेच तुकडे न्यायाचे साधन झाले होते. ज्या वर्षी एका फडाला ऊस मिळे आणि दुसरा पडीक राही त्या वर्षी कोणाचे सर्वस्व बुडत नसे, कारण प्रत्येकाचा थोडा हितसंबंध दोन्हीकडे असे. नदीला पाणी कमी आले तर कोणत्याही एका शेतकऱ्याचे पाणी तोडण्याऐवजी एखादा संपूर्ण फड त्या हंगामापुरता कमी केला जाई. तुटीचा भार अशा रीतीने सर्वांवर पसरे. पाणी मुबलक असताना ते वाटणे कोणत्याही व्यवस्थेला जमते. तिची खरी कसोटी तुटीच्या वर्षी लागते. फड पद्धतीने ह्या कसोटीचे उत्तर आपल्या रचनेतच अंतर्भूत केले होते.

ह्या व्यवस्थेची परिभाषा तिच्या स्वरूपावर प्रकाश टाकते. ‘थळ’ हा शब्द संस्कृत ‘स्थल’ शब्दाचा तद्भव आहे. ‘सांडम’ शब्दाचे नाते ‘सांडणे’ ह्या क्रियापदाशी उघड आहे. ‘फड’ हा शब्द मात्र अर्थसमृद्ध आहे. मराठीत उसाचा फड असतो, कुस्त्यांचा फड असतो, तमाशाचा फड असतो. पेशव्यांच्या हुजूर दप्तरातील एका प्रमुख शाखेचे नाव फड असे होते. आणि वारकरी संप्रदायात एका प्रमुखाच्या शिस्तीखाली वारी व कीर्तन करणाऱ्या मंडळीलाही फड म्हणतात. (‘फडणीस’ हा शब्द मात्र फारसी ‘फर्दनवीस’ शब्दापासून आलेला असल्याने तो ह्या गणनेत घेता येत नाही.) ह्या सर्व उपयोगांत एका नियमाखाली एकत्र आलेला समूह किंवा त्या समूहाची जागा ही अर्थच्छटा दिसते. शेतजमिनीच्या एका भागाला हाच शब्द लाभावा ही गोष्ट सूचक आहे. फड म्हणजे केवळ क्षेत्र नव्हे. एका शिस्तीने पिकणारे क्षेत्र असा अर्थ त्या नावात ध्वनित होतो.

४. पंच, पाटकरी आणि अधिकाराची विभागणी

थळाचा कारभार पंचांकडे असे. पंच हे थळातील खातेदारांपैकीच असत. वर्षारंभी पाणी घेणाऱ्यांची बैठक भरे. कोणता फड कोणत्या पिकाला द्यावयाचा, पाटाची साफसफाई केव्हा करावयाची, नोकर कोण ठेवावयाचे आणि त्यांना काय द्यावयाचे, हे तेथे ठरे. पाट काढण्याच्या कामी प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या प्रमाणात माणसे द्यावयाची. जो देणार नाही त्याने दंड भरावयाचा.

प्रत्यक्ष व्यवहार नेमलेल्या माणसांच्या हातून होई. पाटकरी पाटाचे पाणी राखी व वळवी. बारेकरी शेतात पाणी भरी. जागल्या पिकाची व पाटाची राखण करी. आणि मोठ्या थळात ह्या सर्वांवर हवालदार देखरेख ठेवी. ह्या नावांतही इतिहास साठलेला आहे. जागल्या हा देशी शब्द ‘जागणे’ ह्या क्रियापदापासून आलेला, तर हवालदार हा अरबी-फारसी प्रशासनाच्या परिभाषेतून आलेला. गावाच्या जुन्या राखणदारीवर मुसलमानी अमलातील अधिकारपदाचे नाव चढले आणि दोन्ही पाटाच्या सेवेत एकत्र नांदली. ह्या नोकरांचे वेतन पूर्वी धान्याच्या रूपाने, पिकाच्या राशीवरून दिले जाई. परिणामी पीक आले तर पाटकऱ्याचे पोट भरे. पीक बुडाले तर त्याचेही नुकसान होई.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, शेतात पाणी भरण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नसे. आपल्या शेताचे दार आपणच उघडावयाचे आणि आपणच बंद करावयाचे असे असते, तर रात्रीच्या अंधारात प्रत्येक दारावर भांडण झाले असते. पाणी देणारा व पाणी घेणारा ह्यांना वेगळे करून ह्या व्यवस्थेने कलहाचे मूळच तोडले होते. शेतकऱ्याला शेतावर हजर राहण्याचीही गरज नसे. क्रमाने पाणी येणार ह्याची त्याला खात्री असे. दुसरी गोष्ट अशी की, जो पाणी देई त्याला पीक ठरविण्याचा अधिकार नव्हता, आणि जे पीक ठरवीत त्यांना पाटाच्या दाराला हात लावण्याची मुभा नव्हती. निर्णय आणि अंमलबजावणी ह्यांची ही विभागणी लेखी घटनेवाचून साधलेली होती.

तेव्हा येथील नेतृत्व एखाद्या कर्तबगार पुरुषाच्या ठायी केंद्रित नव्हते. पंचाचा अधिकार सीमित होता आणि म्हणूनच तो मान्य होता. पंचाचे स्वतःचे शेतही त्याच फडात असे. त्याने पक्षपात केला तर तो सर्वांच्या डोळ्यांसमोर घडे. अशा नेतृत्वाचा दबाव दंडाच्या रकमेपेक्षा अप्रतिष्ठेच्या भीतीत अधिक होता.

तथापि ह्या व्यवस्थेचे आदर्शीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. फडाचा न्याय हा खातेदारांमधील न्याय होता. ज्याच्याकडे थळात जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नव्हता आणि बैठकीत आवाज नव्हता. खानदेशात गावच्या जागल्याचे काम पुष्कळ ठिकाणी भिल्लांकडे असे. पाण्याची राखण ज्याने करावयाची त्याचा पाण्यावर हक्क मात्र नाही, अशी ही स्थिती होती. स्त्रिया शेतात राबत, परंतु पंचांत बसत नसत. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत तर जातिभेदाची भिंत अधिकच कठोर होती. सार्वजनिक म्हणविलेल्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांना घेता यावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह करावा लागला. ‘गावाचे पाणी’ ह्या शब्दप्रयोगातील ‘गाव’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न कोणत्याही ग्रामीण जलव्यवस्थेला विचारावाच लागतो. फड पद्धतीचे त्याला दिलेले उत्तर अपुरे होते.

५. सरकार, कायदा आणि गाव

ब्रिटिश अमलात पाण्याविषयीचा दृष्टिकोन मूलतः बदलला. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमाने सार्वजनिक कामासाठी नदी-नाल्यांचे पाणी वापरण्याचा सरकारचा अधिकार कायद्याने प्रस्थापित केला. जुन्या बंधाऱ्यांवरील वहिवाटी सरकारने एकदम मोडल्या नाहीत. किंबहुना पाटस्थळ जमिनीचा आकार अधिक असल्याने त्या चालू राहण्यातच सरकारचे हित होते. बऱ्याच ठिकाणी बंधाऱ्याच्या मोठ्या दुरुस्त्या सरकारी खात्याकडे गेल्या आणि पाटाची सफाई व वाटप गावाकडे राहिले. वरकरणी ही विभागणी सोयीची होती. परंतु बंधारा कोणाचा ह्या प्रश्नाचे जुने उत्तर तिने कायमचे संदिग्ध केले.

ह्याच काळात दख्खनमध्ये सरकारने बांधलेल्या मोठ्या कालव्यांवर एक निराळी रीत रूढ झाली. शेजपाळी पद्धतीत प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या पिकासाठी खात्याकडे स्वतंत्र अर्ज करावयाचा, अधिकाऱ्याने तो मंजूर करावयाचा, आणि कालव्याच्या नोकराने पाळीप्रमाणे पाणी द्यावयाचे. फडात शेतकऱ्याचा संबंध शेजाऱ्याशी होता. शेजपाळीत तो कचेरीशी जोडला गेला. शेजारी-शेजारी असूनही दोन अर्जदारांमध्ये पाण्याविषयी कोणतेच परस्पर कर्तव्य उरले नाही. महात्मा फुले ह्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात पाटबंधारे खात्याच्या कारभारावर टीका केली, आणि शेतकऱ्याला जरुरीपुरते पाणी मापून मिळावे अशी व्यवस्था सुचविली. पाण्याचा दाम वसूल करणारे खाते पाण्याची हमी घेत नाही, हा त्यांच्या टीकेचा रोख होता.

खात्यातही ह्या दोषाची जाणीव असलेले अभियंते होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांच्या सेवेच्या आरंभीचा काही काळ धुळे भागात, पांझरेच्या परिसरात गेला. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धती सुचविली. तीत ठराविक क्षेत्राचा गट पाडून त्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावयाची, आणि त्या गटाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शातच ऊस घेऊन उरलेल्या जमिनीत हंगामी पिके घ्यावयाची, अशी योजना होती. गट, पिकांची मर्यादा आणि फेरपालट ह्या तिन्ही बाबतींत फड पद्धतीशी तिचे साम्य नजरेत भरण्यासारखे आहे. परंतु एक अंग त्यात नव्हते. ब्लॉक खात्याने मंजूर करावयाचा होता. फड पंचांनी ठरवावयाचा असे. रचना उचलता आली तरी तिच्यामागील मंडळी कचेरीच्या हुकमाने निर्माण करता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात फडाच्या नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली. मोसम नदीवर हरणबारी व आरम नदीवर केळझर ही त्यांतील परिचित उदाहरणे होत. धरणातून खालच्या बंधाऱ्यांना आवर्तने सोडली जात असल्यामुळे काही थळांना उन्हाळ्यातही पाणी मिळू लागले, हे मान्य केले पाहिजे. परंतु पाणी केव्हा व किती सोडावयाचे हा निर्णय थळाच्या बाहेर गेला. पंचांनी वर्षारंभी फड ठरवावयाचे ते कशाच्या भरवशावर, असा प्रश्न उपस्थित झाला. त्यातच विहिरी वाढल्या आणि विजेचे पंप आले. ज्याच्याकडे स्वतःची विहीर आहे त्याला फडाच्या पिकाचे बंधन जाचक वाटू लागले. विहिरींनी नदीकाठचे भूजल ओढल्यामुळे नदीचा झराही आटत गेला. म्हणजे फड सोडून गेलेल्याने फडात राहिलेल्याचे पाणी नेले. कांदा, द्राक्ष, डाळिंब ह्यांसारख्या नगदी पिकांनी एका फडात एक पीक हा नियम सैल केला. पाटकऱ्याचे धान्यरूप वेतन जाऊन रोख पगार आला आणि त्याबरोबर त्याचा पिकाशी असलेला संबंधही तुटला. आज ही पद्धती काही गावांत अंशतः चालू आहे, अनेक ठिकाणी केवळ शब्दांत उरली आहे.

६. तुलनेसाठी : झाडीपट्टीतील तलाव

वरील निष्कर्ष एकाच प्रदेशापुरता आहे काय, हे पडताळण्यासाठी विदर्भाच्या पूर्व भागाकडे वळणे उपयुक्त ठरेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत धानाच्या शेतीसाठी बांधलेले सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने त्यांची परंपरा वाढली, आणि कोहळी समाजाने तलाव बांधण्याच्या कलेत विशेष नैपुण्य मिळविले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव ह्याच समाजाच्या कर्तृत्वाचे स्मारक मानला जातो. ब्रिटिश अमलात हे तलाव मालगुजारांच्या मालकीचे ठरले, म्हणून ते मालगुजारी तलाव ह्या नावाने ओळखले जातात.

येथील नेतृत्व फडाहून अगदी भिन्न, म्हणजे एकमुखी होते. मालगुजार हा गावाचा मालक. पाळ दुरुस्त करून घेण्याची, गाळ काढवून घेण्याची जबाबदारी त्याची. रयतेला वेठ व मर्जी ह्यांचा जाच होता, आणि त्या व्यवस्थेचा अंत होणे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यकच होते. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियमान्वये १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. पुढे महाराष्ट्रात मोठे तलाव राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदांकडे गेले. सिंचन व निस्तार ह्यांचे पूर्वापार हक्क लोकांनी आपले मानले. देखभाल मात्र सरकारचे काम ठरली. पाळी खचल्या, तलाव गाळाने भरले, कडेच्या जमिनीवर अतिक्रमणे झाली. मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर समाजाला ह्याची झळ प्रथम पोचली, कारण त्यांच्याजवळ तलावाखेरीज दुसरे साधन नव्हते.

दोन्ही प्रदेशांचा इतिहास जुळवून पाहता असे दिसते की, ऱ्हासाचे कारण जुने नेतृत्व गेले एवढेच नाही. मालगुजार जावयास हवाच होता. परंतु त्याच्याकडील हक्क एका ठिकाणी गेला, कर्तव्य दुसऱ्या ठिकाणी गेले, आणि निर्णय घेणारे तिसरेच झाले. खानदेशात हीच फारकत धिम्या गतीने घडली, झाडीपट्टीत ती एका कायद्याने घडली, इतकाच भेद.

७. नव्या प्रयोगांचा संदर्भ

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात पाण्याच्या सामूहिक व्यवस्थेचे जे नवे प्रयत्न झाले त्यांचे मूल्यमापन ह्या पार्श्वभूमीवर करता येते. विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवून माणसाशी जोडला. दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर एवढ्याच क्षेत्रापुरते पाणी, भूमिहीनांनाही वाटा, उसासारख्या पिकाला बंदी, आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी उचलावयाचा, ही तिची तत्त्वे होती. फडाच्या शिस्तीला तिने समतेची जोड दिली, आणि ‘गाव म्हणजे कोण’ ह्या जुन्या प्रश्नाचे अधिक व्यापक उत्तर देण्याचा प्रयत्न केला.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ह्यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास ओझर परिसरातील शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था स्थापन केल्या. आरंभ टोकाकडून झाला ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कालव्याच्या मुखाशी असलेल्याला संघटनेची गरज भासत नाही; तुटीचा भार ज्याच्यावर पडतो तोच नियमाची मागणी करतो. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे वाटप अशा संस्थांच्या महासंघाकडे आले. २००५ च्या सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणी वापर संस्थांना कायद्याचे अधिष्ठान दिले, पाणी घनमापाने देण्याचे तत्त्व स्वीकारले, आणि व्यवस्थापन समितीत मुखाकडील, मधल्या व टोकाकडील अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व दिले. विखुरलेल्या तुकड्यांमुळे फडात जे आपोआप साधत होते ते येथे निवडणुकीच्या नियमाने साधावयाचे आहे.

पिण्याच्या पाण्याच्या योजनांतही हाच प्रश्न रूप पालटून उभा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये घरोघरी नळ देण्याबरोबरच योजना चालविण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर व गावाच्या समितीवर सोपविलेली आहे. नळ आला, टाकी झाली. परंतु वीजबिल कोणी भरावयाचे, पाणीपट्टी थकविणाऱ्याला कोणी विचारावयाचे, आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार कोठून द्यावयाचा, ह्या प्रश्नांशी योजनेचे भवितव्य निगडित आहे. पाटकऱ्याचे वेतन आणि पाट काढण्याचा दंड ह्यांचेच हे आजचे अवतार होत.

८. समारोप

फड पद्धतीचे पुनरुज्जीवन करावे असे सुचविण्याचा येथे उद्देश नाही. नद्यांचे झरे आटलेले आहेत, धरणे झालेली आहेत, पिके बदललेली आहेत. ज्या परिस्थितीने फड घडविले ती परत येणार नाही. शिवाय भूमिहीन, स्त्रिया आणि अस्पृश्य मानले गेलेले समाज ह्यांना बाहेर ठेवणारी चौकट आज कोणाला इष्ट वाटणार नाही. परंतु ह्या इतिहासातून निष्पन्न होणारी काही तत्त्वे कालबाह्य झालेली नाहीत. तुटीचा भार कसा वाटावयाचा हे टंचाईपूर्वी ठरले पाहिजे. पाणी देणारा हात पाणी घेणाऱ्या हातापासून वेगळा असला पाहिजे. नेतृत्वाचा अधिकार मर्यादित व सर्वांच्या दृष्टीसमोर असला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याला पाण्याचा हक्क आहे त्याच्याच मंडळीकडे पाण्याचे कर्तव्य व निर्णयाचा अधिकार राहिला पाहिजे.

शासनाने आता पाणी वापर संस्था कायद्याने निर्माण केल्या आहेत. त्यांपैकी ज्यांच्याकडे केवळ पाणीपट्टी वसुलीचे काम आले आणि पाणी केव्हा सुटणार हे ठरविण्यात ज्यांना वाटा मिळाला नाही, त्या कागदावर राहण्याचा धोका आहे. फडांच्या ऱ्हासाचा इतिहास त्याचीच साक्ष देतो. पांझरा-मोसमच्या काठी बंधारे अद्याप दिसतात. त्यांच्यावर चाललेल्या कारभाराचा तपशील मात्र वृद्ध पाटकऱ्यांच्या स्मरणात आणि बोलीतील थोड्या शब्दांत उरला आहे. थळाथळांतील वहिवाटी, नोकरांची नावे, वेतनाची मापे आणि पाळीचे नियम ह्यांची गावोगाव जाऊन नोंद करणे हे काम इतिहास, भाषाशास्त्र व समाजशास्त्र ह्यांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे हाती घेण्याजोगे आहे, आणि त्यास विलंब परवडण्यासारखा नाही.